वाचकांचे प्रश्न : कॅरिबियन बेटावर गाडी भाड्याने घेताना

गणपती गेले की हिवाळी सहलींविषयीची पत्रे येऊ लागतात. यंदा त्यांपैकी पाच पत्रे कॅरिबियन बेटांवर भाड्याची गाडी स्वतः चालवण्याविषयीची आहेत, म्हणून या महिन्याचे सदर त्याच एका विषयाला दिले आहे.

प्रश्न : आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, चोवीस वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आठ दिवस बार्बाडोसला जाणार आहोत. तेथे आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक चालते, त्यामुळे विमानतळावरच गाडी ताब्यात घ्यावी आणि निघताना तेथेच परत करावी, असा विचार आहे. मी वीस वर्षे मुंबईत गाडी चालवत आहे. कोणती कागदपत्रे न्यावीत आणि विमा कोणता घ्यावा?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : आपल्या बेतात दोन बदल सुचवतो. गाडी पहिल्या दिवशी घेऊ नये, आणि आठही दिवस घेऊ नये.

मुंबईहून बार्बाडोसला थेट विमान नाही. बहुतेक प्रवासी लंडनला विमान बदलतात आणि घरातून निघाल्यापासून हॉटेलात पोहोचेपर्यंत एक दिवस सहज जातो. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे, म्हणजे तेथे संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा आपले शरीर पहाटे अडीचच्या झोपेत असते. डिसेंबरात सूर्य सहाच्या आतच मावळतो आणि मुख्य रस्ते सोडले तर पुष्कळ ठिकाणी दिवे बेताचे व पदपथ नाहीत, त्यामुळे रस्त्याच्या कडेने चालणारी माणसे अगदी जवळ आल्यावर दिसतात. अशा वेळी अनोळखी गाडी, अनोळखी रस्ता आणि मागच्या सीटवर पेंगुळलेली मुले हे एकत्र आणू नये. पहिल्या दिवशी टॅक्सी करावी. टॅक्सीला मीटर नसतो. भाडे ठरलेले असते, तरी बसण्यापूर्वी विचारून घ्यावे, आणि सांगितलेला आकडा कोणत्या डॉलरचा आहे हेही विचारावे. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर हा दर १९७५ पासून बांधलेला आहे व दुकानांत दोन्ही चालतात, त्यामुळे नुसते ‘शंभर डॉलर’ या शब्दांत दुपटीचा फरक लपलेला असू शकतो. गाडीचे भाडे ठरवतानाही हाच प्रश्न विचारावा.

आठ दिवस गाडी का नको, याचे कारण बेटाच्या आकारात आहे. बार्बाडोस ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद आहे. क्षेत्रफळ ४३१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईच्या पुढे नाही. आपण राहणार ते हॉटेल बहुधा पश्चिम किंवा दक्षिण किनाऱ्यावर असेल आणि तेथून राजधानी ब्रिजटाऊनला सतत बस असते. निळ्या सरकारी बस, पिवळ्या मिनिबस आणि किरमिजी पट्ट्याच्या पांढऱ्या व्हॅन अशा तिन्हींचे भाडे, अंतर कितीही असो, साडेतीन बार्बाडोस डॉलर आहे. २९ जून २०२४ रोजी ज्या केन्सिंग्टन ओव्हलवर आपण दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवले, ते मैदान ब्रिजटाऊनमध्येच आहे आणि मुलगा ते पाहण्याचा हट्ट धरणार, हे गृहीत धरतो. तेथे बसने जावे. शहरातील एकदिशा गल्ल्यांत पार्किंग शोधण्यात दुपार घालवण्यासाठी कोणी इतक्या लांब जात नाही. गाडीचा खरा उपयोग पूर्वेला आणि उत्तरेला होतो. अटलांटिकच्या लाटा जेथे थेट आदळतात ते बाथशेबा, उसाच्या मळ्यांवरून पूर्व किनारा दाखवणारी चेरी ट्री हिल, उत्तर टोकाची अ‍ॅनिमल फ्लॉवर केव्ह आणि बेटाच्या मध्यावरची हॅरिसन्स केव्ह ही ठिकाणे आपल्या वेळेने पाहावीत अशी आहेत. त्यांना सलग तीन दिवस पुरतात. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत तेथे गर्दीचा हंगाम असतो आणि लहान बेटावर गाड्याही मोजक्याच, त्यामुळे त्या तीन दिवसांची गाडी मात्र आताच सांगून ठेवावी. बहुतेक कंपन्या ती हॉटेलवर आणून देतात.

आता रस्त्याविषयी. डाव्या बाजूची सवय कामी येते, पण त्या सवयीसोबत मुंबईच्या इतर सवयीही आपल्याबरोबर जातात आणि घोटाळा तेथे होतो. आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला तर ‘मी थांबणार नाही, तू थांब’ असा त्याचा अर्थ आपण घेतो. बार्बाडोसमध्ये नेमका उलटा अर्थ आहे : ‘मी थांबलो आहे, तुम्ही निघा.’ आपण सवयीने डिपर मारून पुढे घुसलो, तर समोरचाही आपल्याला वाट दिली असे समजून निघतो आणि अरुंद रस्त्यावर दोघे नाकाला नाक लावून उभे राहतात. तेथील हॉर्नही आपल्या हॉर्नसारखा नव्हे. एक हलकी पीप म्हणजे आभार किंवा रामराम. त्यावर रागाने मागे वळून पाहू नये.

ए-बी-सी हायवे हा तेथील मुख्य रस्ता. त्याच्या भागांना अ‍ॅडम्स, बॅरो आणि कमिन्स यांची नावे आहेत म्हणून तो ए-बी-सी. त्यावर ओळीने सर्कल येतात. सर्कलमध्ये उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे हा नियम आपल्या पुस्तकातही आहे. तेथे तो पाळतात एवढाच फरक. त्यांतील एका सर्कलवर साखळ्या तोडून हात उंचावलेल्या गुलामाचा पुतळा आहे. लोक त्याला ‘बसा’ म्हणतात, आणि पत्ता सांगताना तो हमखास खूण म्हणून येतो. हायवेवर वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर असली तरी इतरत्र ती बहुतेक ठिकाणी ६० किंवा त्याहून कमी आहे, आणि आतल्या रस्त्यांवर तेवढाही वेग गाठता येत नाही. ब्रिजटाऊनहून बाथशेबा पंचवीस किलोमीटरच्या आत असले तरी पाऊण तास धरून चालावे.

उसाची तोडणी फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होते, म्हणून आपण जाल तेव्हा ऊस डोक्याच्या वर वाढलेला असेल. आडव्या रस्त्याने काय येत आहे ते फाट्यावर नाक बाहेर काढल्याशिवाय दिसत नाही. मोबाइलवरचा नकाशा कधीकधी मळ्यातल्या बैलगाडीच्या वाटेलाच रस्ता समजतो. डांबर संपले की तेथूनच मागे फिरावे. वाट चुकल्यास एक सोपी युक्ती आहे. बसथांब्याच्या खांबावरील फलकावर ‘टू सिटी’ किंवा ‘आउट ऑफ सिटी’ असे लिहिलेले असते. त्यावरून ब्रिजटाऊन कोणत्या दिशेला आहे ते नकाशाशिवाय कळते.

आपल्या गाडीच्या नंबरप्लेटवर सुरुवातीला एच हे अक्षर असेल. भाड्याच्या गाडीची ती खूण आहे. ती पाहून स्थानिक लोक जरा अंतर ठेवतात, हा तिचा फायदा. किनाऱ्यावर उभ्या गाडीत पाकीट-पासपोर्ट सापडतील असे चोरालाही तीच सुचवते, हा तोटा.

कागदपत्रांत मूळ भारतीय परवाना, पासपोर्ट, आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आणि गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचे क्रेडिट कार्ड एवढे हवे. याशिवाय बार्बाडोसमध्ये पाहुण्यांसाठीचा स्थानिक चालक परवाना लागतो. तो गाडी देणारी कंपनीच थोडे शुल्क घेऊन देते. मुलगी गाडी चालवणार असेल तर तिचे नाव करारात दुसरी चालक म्हणून लिहिलेले असले पाहिजे, आणि ती पंचवीसच्या आत असल्यामुळे अनेक कंपन्या जादा आकार लावतील किंवा नकारही देतील. नाव नसताना ‘जरा पाच मिनिटे’ म्हणून चावी देऊ नये, कारण त्या पाच मिनिटांत काही झाले तर विमा लागू होत नाही.

विम्याचा भाग मात्र सावकाश वाचावा. काउंटरवर आपल्यापुढे ‘कोलिजन डॅमेज वेव्हर’ हे शब्द येतील. आपण मुंबईत गाडीचा जो सर्वसमावेशक विमा काढतो तसा हा विमा नव्हे. ठरावीक रकमेच्या वरचे नुकसान कंपनी आपल्याकडून मागणार नाही, एवढेच ते आश्वासन असते. त्या रकमेपर्यंतचा भार आपल्या खिशावर पडतो आणि तिला ‘एक्सेस’ म्हणतात. म्हणून ‘विमा आहे का’ असे न विचारता एक्सेस किती, रोज जादा पैसे भरून तो शून्यावर येतो का, आणि टायर, काच, गाडीचे तळ व टप यांचे काय, असे विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘ते यात येत नाही’ असे असते.

ही गोष्ट मी ऐकीव सांगत नाही. बार्बाडोसचा बहुतेक पृष्ठभाग प्रवाळखडकाचा आहे, रस्ते त्यातूनच कापलेले आहेत आणि डांबराच्या कडेला माती नसून धारदार खडक असतो. समोरून बस आली म्हणून मी डावीकडे दबलो आणि पुढच्या डाव्या टायरची बाजू त्या धारेवर चिरली. मोठा आवाज झालाच नाही, जाड कापड फाटावे तेवढाच झाला. डिकी उघडून स्टेपनी काढली तर तीत हवा नव्हती. एका उसाच्या ट्रकवाल्याने मला पेट्रोल पंपापर्यंत नेले व परत आणले, आणि पैसे घेतले नाहीत. गाडी परत करताना कंपनीने मात्र नवा टायर आणि रिमवरील ओरखड्याचे पैसे अनामतीतून कापून घेतले. करारात टायर वगळल्याचे बारीक अक्षरांत लिहिलेले होते, त्यामुळे टायरचे मान्य केले. रिमवरील ओरखडा जुना होता, पण ते सिद्ध करण्यासाठी माझ्याकडे एकही फोटो नव्हता. स्टेपनीतील हवेबद्दल मी तक्रार केली तेव्हा समोरच्या मुलीने शांतपणे विचारले, ‘गाडी घेताना आपण डिकी उघडून पाहिली होती का?’ मी पाहिली नव्हती.

तेव्हापासून गाडी ताब्यात घेताना मी मोबाइलवर तिच्याभोवती सावकाश एक फेरी मारून चित्रण करतो. चारही रिम, पुढची काच, टप आणि आतले पेट्रोलचे काटे त्यात येतात. मग डिकीत स्टेपनी अंगठ्याने दाबून पाहतो, जॅक व पाना आहे याची खात्री करतो, आणि कंपनीच्या कागदावर गाडीचे जे रेखाचित्र असते त्यावर प्रत्येक पोच्याची व ओरखड्याची फुली मारून घेतो. गाडी आणून देणारा माणूस घाईत असतो. आपण घाईत असू नये.

अनामतीसाठी कंपनी क्रेडिट कार्डावर काही रक्कम अडवून ठेवते. ती खर्ची पडत नाही, पण मोकळी होण्यास काही दिवस ते काही आठवडे लागतात, तेव्हा कार्डाची मर्यादा तेवढी मोठी हवी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डे परदेशी व्यवहारांसाठी मुळात बंदच असतात. निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये ती सोय चालू करून मर्यादा वाढवून घ्यावी. भाड्याच्या गाडीचा विमा कार्डातच येतो असे अमेरिकी प्रवाशांच्या तोंडून ऐकू येते. आपल्याकडच्या बहुतेक कार्डांवर तसे काही नसते. प्रवासविमाही प्रामुख्याने औषधोपचार आणि सामान यांचा असतो. काही पॉलिसींत भाड्याच्या गाडीचा एक्सेस भरून मिळतो, तो असल्यास काउंटरवरचा महागडा पर्याय टाळता येईल.

अपघात झालाच तर पोलिसांना २११ वर आणि कंपनीला कळवावे. रुग्णवाहिका ५११ वर मिळते. पोलिसांच्या नोंदीशिवाय विम्याचा दावा उभा राहत नाही, म्हणून समोरचा कितीही भला असला तरी आपसांत मिटवू नये.

प्रश्न : बार्बाडोसला जाण्यासाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही. पण आंतरराष्ट्रीय वाहन परवान्यासाठी गेलो असता खिडकीवरील कर्मचाऱ्याने व्हिसाची प्रत मागितली. जो व्हिसाच नाही त्याची प्रत कोठून आणायची?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपले म्हणणे बरोबर आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ७ जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेने या परवान्यासाठीची वैद्यकीय प्रमाणपत्राची आणि व्हिसाची अट काढून टाकली आहे. त्या अधिसूचनेची छापील प्रत अर्जासोबत न्यावी. वाद घालण्यापेक्षा कागद पुढे करणे अशा ठिकाणी अधिक उपयोगी पडते. अर्ज फॉर्म ४-ए मध्ये ‘सारथी’ संकेतस्थळावरून करता येतो, शुल्क एक हजार रुपये आहे आणि परवाना एक वर्षासाठी मिळतो. मात्र मूळ परवान्याची मुदत त्याआधी संपत असेल तर तोही तेव्हाच संपतो, म्हणून नूतनीकरण जवळ आले असल्यास ते आधी उरकावे. लंडनमार्गे जाताना भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. तो प्रश्न वेगळा आहे, पण तिकीट काढण्यापूर्वीच सोडवावा.

प्रश्न : माझे वय ६८ आहे. मुलगा आणि सून टोरांटोला असतात, आम्ही सारे अँटिग्वाला भेटणार आहोत. मुलाने माझ्या नावाने गाडी सांगून ठेवली असून पैसे त्याच्या कार्डावरून भरले आहेत. काही अडचण येईल का?
– एक ज्येष्ठ वाचक, मुलुंड

उत्तर : दोन अडचणी संभवतात. आगाऊ पैसे कोणीही भरले तरी अनामत ज्या कार्डावर अडवायची ते कार्ड चालकाच्या नावाचे असावे, असा बहुतेक कंपन्यांचा आग्रह असतो. काउंटरवर मुलगा सोबत उभा असला तरी तो आग्रह सुटत नाही. दुसरे, पंचवीसच्या आतील चालकांप्रमाणे सत्तर किंवा पंचाहत्तरच्या पुढील चालकांसाठीही अनेक कंपन्या मर्यादा ठेवतात. आपण त्याच्या आत असलात तरी लेखी विचारून घ्यावे. सोपा मार्ग असा की मुलाला मुख्य चालक करावे आणि आपले नाव दुसरा चालक म्हणून घालावे. पंचावन्न वर्षांनंतर आपला परवाना पाच-पाच वर्षांनीच नूतनीकृत होतो, तेव्हा त्यावरील तारीखही पाहावी. अँटिग्वातही पाहुण्यांना तात्पुरता स्थानिक परवाना घ्यावा लागतो, त्याला माणशी वीसएक अमेरिकी डॉलर पडतात. वाहतूक डावीकडूनच आहे.

प्रश्न : आमचे लग्न मे महिन्यात आहे. जूनच्या अखेरीस सेंट लुशियाला जाऊन गाडीने बेट फिरावे असे मनात आहे. रस्ते डोंगराळ आहेत असे वाचले. दोघांनाही कोकणात गाडी चालवण्याची सवय आहे.
– एक वाचक, बोरीवली

उत्तर : कुंभार्ली घाट ज्यांनी पावसात उतरला आहे, त्यांना सेंट लुशियाच्या वळणांचे भय वाटू नये. हेवानोरा विमानतळ दक्षिण टोकाला आणि राजधानी कॅस्ट्रीज उत्तरेकडे, अंतर साठेक किलोमीटर, पण दीड तास लागतो. पश्चिम किनाऱ्याने सूफ्रिएर आणि पिटॉन शिखरांकडे जाणारा रस्ता एकामागून एक वळणांचा आहे. आंधळ्या वळणापूर्वी हॉर्न द्यावा. तेथे तो उद्धटपणा समजला जात नाही. भाड्याच्या गाड्या बहुतेक ऑटोमॅटिक असतात. आपल्याला गिअर टाकून उतरण्याची सवय असेल, तर ऑटोमॅटिकमध्ये ‘डी’वर ठेवून नुसत्या ब्रेकवर उतरण्याची चूक पहिल्या दिवशी हमखास होते आणि खाली पोहोचेपर्यंत ब्रेक तापून जळका वास येतो. उतारावर ‘एल’ किंवा ‘२’ वापरावा.

आणखी एक गंमत अशी की तेथील फलकांवर वेग मैलांत असतो, तर गाडी जपानहून आलेली असल्यास काटा किलोमीटरमध्ये असतो आणि पडद्यावरील सूचना जपानी लिपीत. तीस मैल म्हणजे ४८ किलोमीटर, एवढे एक गणित काचेवर चिटकवून ठेवले तर बाकीचे जमते.

महिन्याबद्दल मात्र सांगायलाच हवे. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात. जोर ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये अधिक, पण १ जुलै २०२४ रोजी बेरिल वादळ ग्रेनाडाच्या करियाकू बेटावर धडकले आणि विश्वचषक जिंकलेला आपला संघ बार्बाडोसमध्ये अडकून पडला. मरीन ड्राइव्हवरची मिरवणूक त्यामुळेच ४ जुलैला निघाली. जूनच्या अखेरीस जाऊच नये असे म्हणत नाही. हॉटेल, विमान आणि गाडी तिन्ही फारसे नुकसान न होता रद्द करता येतील अशीच घ्यावीत, आणि मुसळधार पावसानंतरच्या दिवशी दरड कोसळण्याची शक्यता असल्याने डोंगराकडे निघू नये. लग्नाची तारीख ठरलीच असेल तर सहल जानेवारीवर ढकलता येईल का, ते मात्र घरी बोलून पाहावे.

प्रश्न : कोणत्या कॅरिबियन बेटांवर आपल्यासारखी डावीकडून वाहतूक आहे?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : जेथे इंग्रजांचे राज्य होते तेथे सामान्यतः डावीकडून : बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद व टोबॅगो, अँटिग्वा, सेंट लुशिया, ग्रेनाडा, डॉमिनिका, केमन बेटे. फ्रेंच, डच आणि स्पॅनिश वारशाच्या ग्वाडेलूप, मार्टिनिक, अरुबा, क्युरासाओ, पोर्टो रिको, डॉमिनिकन रिपब्लिक व क्यूबा येथे उजवीकडून.

या हिशेबात न बसणारी जागा म्हणजे अमेरिकेची व्हर्जिन बेटे. ती १९१७ मध्ये अमेरिकेने डेन्मार्ककडून विकत घेतली. तेव्हाची डावी बाजू तशीच राहिली, पण गाड्या मात्र अमेरिकेतून येतात, म्हणजे वाहतूक डावीकडून आणि स्टीअरिंगही डावीकडे. चालक रस्त्याच्या कडेला बसतो आणि मोठ्या गाडीच्या मागे असताना समोरचा रस्ता आधी दिसतो तो शेजारी बसलेल्याला. तेथे ओव्हरटेक करताना शेजारच्याचे ऐकावे, आणि शेजारचा झोपला असेल तर मागेच राहावे.